देशाची लोकसंख्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे आकड्यांवरून कसे ओळखावे

एखाद्या देशाची लोकसंख्या वर्षाला अर्ध्या टक्क्याने वाढते आहे, एवढेच माहीत असेल तर त्या देशाबद्दल काहीच सांगता येत नाही. १७५० ते १८०० या काळात स्वीडनची लोकसंख्या सुमारे १७.८ लाखांवरून २३.५ लाखांवर गेली, म्हणजे वर्षाला अर्धा टक्का. २००० ते २०२० या काळात डेन्मार्कची ५३ लाखांवरून ५८ लाखांवर गेली. तोही वेग जवळपास तेवढाच. पण त्या स्वीडनमध्ये जन्मलेल्या पाच बाळांपैकी एक वर्षाच्या आत दगावत होते आणि घरोघरी पाळणा हलत होता. आजच्या डेन्मार्कमध्ये बाळ दगावणे अगदी विरळा, एका स्त्रीमागे दोनपेक्षा कमी मुले आणि वाढीचा बराचसा भाग बाहेरून आलेल्या माणसांचा.

विकास होताना मृत्युदर आधी उतरतो आणि जन्मदर नंतर. मधल्या काळात लोकसंख्या फुगते, मग वाढ मंदावते आणि शेवटी थांबते किंवा उलटी फिरते. यालाच लोकसंख्या संक्रमण म्हणतात. लोकसंख्याशास्त्रज्ञ वॉरन थॉम्प्सन यांनी १९२९ मध्ये देशांची अशी विभागणी मांडली आणि फ्रँक नोटस्टाइन यांनी १९४५ मध्ये तिला आजचा आकार दिला. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत जन्मदर आणि मृत्युदर यांच्या दोन रेषा छान वळणे घेत खाली येतात. प्रत्यक्ष देशाचे आकडे समोर घेऊन बसले की तेवढ्याने भागत नाही. पुढची रीत त्यासाठी आहे.

आधी आकडे गोळा करा, आणि ते कुठून आले ते लिहून ठेवा

एका वर्षासाठी लागतात: जिवंत जन्म, मृत्यू, वर्षाच्या मध्याची म्हणजे १ जुलैची लोकसंख्या आणि निव्वळ स्थलांतर (आलेले वजा गेलेले). त्याशिवाय वयोगटानुसार लोकसंख्या, स्त्रियांच्या वयानुसार जन्म, अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावलेली बाळे) आणि जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान. संयुक्त राष्ट्रसंघाच्या लोकसंख्या विभागाच्या जागतिक अंदाजांत हे सगळे जवळपास प्रत्येक देशासाठी १९५० पासून मिळते. अलीकडची आवृत्ती २०२४ ची.

त्या तक्त्यांमधला प्रत्येक आकडा मोजलेला नसतो, हे मात्र विसरू नका. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात शेवटची जनगणना १९८४ मध्ये झाली, लेबनॉनमध्ये १९३२ मध्ये. अशा देशांच्या तक्त्यात दशांशापर्यंत दिलेला जन्मदर हा नमुना पाहण्यांवरून आणि गणिती मॉडेलवरून बसवलेला असतो. तिथे दुसऱ्या दशांशावर निष्कर्ष काढायला गेलात तर तो निष्कर्ष मॉडेलबद्दलचा होतो, देशाबद्दलचा नव्हे.

जनगणनेतल्या वयाच्या नोंदी तपासायची एक सोपी कसोटी म्हणजे व्हिपल निर्देशांक. ज्यांना स्वतःचे नेमके वय ठाऊक नसते ते ३०, ३५, ४० असे गोल आकडे सांगतात. २३ ते ६२ या वयांतली शून्य किंवा पाचाने संपणाऱ्या वयांची माणसे मोजा, त्यांना ५ ने गुणा, २३ ते ६२ मधल्या एकूण माणसांनी भागा आणि १०० ने गुणा. उत्तर १०० च्या आसपास आले तर नोंदी चांगल्या. १२५ च्या वर गेले तर एकेका वर्षाच्या वयावर विसंबू नका, पाच-पाच वर्षांचे गटच वापरा. १७५ च्या वर असेल तर गटही जपून वापरा. सगळ्यांनीच गोल वय सांगितले असते तर उत्तर ५०० आले असते.

आणखी एक नेहमीची गळती तान्ह्या मुलांची. घरातली माणसे सांगताना काही महिन्यांचे बाळ राहून जाते. जन्मून लगेच दगावलेले बाळ तर दोन्ही नोंदींतून सुटते. ना जन्म, ना मृत्यू. त्यामुळे जन्मदरही कमी दिसतो आणि अर्भक मृत्युदरही. नोंदणी सुधारली की दोन्ही आकडे अचानक चढतात आणि परिस्थिती बिघडली असा गैरसमज होतो.

दर काढणे

पुढच्या सगळ्या गणितासाठी एक काल्पनिक देश घेऊ. त्याची मध्यवर्षीय लोकसंख्या २ कोटी, वर्षातले जन्म ५ लाख, मृत्यू १ लाख २० हजार आणि देश सोडून गेलेले लोक आलेल्यांपेक्षा ४० हजारांनी जास्त.

जन्मदर: ५,००,००० ÷ २,००,००,००० × १००० = हजारी २५. मृत्युदर: हजारी ६. नैसर्गिक वाढ: २५ − ६ = हजारी १९, म्हणजे १.९ टक्के. स्थलांतराने हजारी २ वजा झाले, म्हणून प्रत्यक्ष वाढ १.७ टक्के. हजारी आणि टक्के यांची सरमिसळ ही इथली सगळ्यात मोठी चूक. हजारीला १० ने भागले की टक्के मिळतात.

दुप्पट व्हायला लागणारी वर्षे हवी असतील तर ७० ला वाढीच्या टक्क्यांनी भागा. १.७ टक्क्यांना ४१ वर्षे. पण हे उत्तर वाढीचा दर चार दशके तसाच राहील असे धरून आलेले आहे आणि संक्रमणातल्या देशात तो तसा राहत नाही. वेगाची कल्पना यावी म्हणून ते वापरा, भाकीत म्हणून नको.

दोन जनगणनांमधली वाढ काढताना दशकाची टक्केवारी सरळ दहाने भागू नका. भारतात २००१ मध्ये १०२.९ कोटी आणि २०११ मध्ये १२१.१ कोटी लोक मोजले गेले. दशकाची वाढ १७.७ टक्के. दहाने भागले तर १.७७ येतात. बरोबर उत्तर आहे १.६४, कारण दरवर्षीची वाढ आधी वाढलेल्या लोकसंख्येवर होते. चक्रवाढ व्याजाचेच गणित आहे हे. फरक क्षुल्लक वाटतो, पण तीच चूक पन्नास वर्षे पुढे नेली तर २०११ च्या आकड्यावर सुमारे १८ कोटी माणसे जास्तीची मोजली जातात.

टप्पा ठरवणे

आता जन्मदर आणि मृत्युदर शेजारी ठेवा. शक्य असेल तर गेल्या तीस-चाळीस वर्षांचे. एका वर्षाच्या जोडीवरून देश कुठे आहे ते कळते, कुठल्या दिशेला चालला आहे ते कळत नाही.

दोन्ही दर तिशीच्या वर असतील आणि मृत्युदर वर्षागणिक उड्या मारत असेल, तर तो पहिला टप्पा. आज जगात असा एकही देश उरलेला नाही. १७७३ च्या दुष्काळात स्वीडनचा मृत्युदर हजारी ५० च्या वर गेला होता. भारतात १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या चक्क किंचित घटली, त्यामागे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती. पहिल्या टप्प्याची खूण म्हणजे हा बेभरवसा.

मृत्युदर उतरणीला लागला, वीसच्या खाली आला, पण जन्मदर अजून ३५ ते ४५ आहे, तर दुसरा टप्पा. वाढ २ ते ३.५ टक्के. जन्मदर ३५ च्या खाली येऊन स्पष्टपणे घसरू लागला की तिसरा. वाढ अजूनही १ ते २ टक्के असते, पण दर दशकाला कमी होत जाते. जन्मदर १५ च्या खाली आणि मृत्युदर त्याच्या जवळ, तो चौथा. मृत्यू जन्मांपेक्षा जास्त झाले की पाचवा. मूळ मांडणीत हा नव्हता, देशच तिथे जाऊन पोहोचल्यावर जोडावा लागला. या सीमारेषा अंदाजी आहेत, एखाद-दोन एककांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही. आपला काल्पनिक देश, २५ आणि ६, सरळ तिसऱ्यात बसतो.

इथे बरेच जण मृत्युदरावर घसरतात. जपानचा मृत्युदर हजारी १३ च्या आसपास आहे आणि बांगलादेशचा त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून बांगलादेशातले लोक जपान्यांपेक्षा निरोगी? जपानचे आयुर्मान दहाएक वर्षांनी जास्त आहे. जपानमध्ये म्हातारी माणसे जास्त, म्हणून मृत्यू जास्त. बांगलादेशात तरुण जास्त, म्हणून कमी. आखाती देशांत तर कामासाठी आलेल्या तरुण पुरुषांची गर्दी एवढी, की कतारचा मृत्युदर हजारी १ ते २ मध्ये दिसतो. ढोबळ मृत्युदर वयोरचनेने रंगलेला असतो. लोकसंख्या किती वाढेल यासाठी तो उपयोगी आहे. आरोग्य कसे आहे हे पाहायचे असेल तर आयुर्मान आणि अर्भक मृत्युदर पाहा. विकासाच्या शेवटच्या टप्प्यांत मृत्युदर पुन्हा चढतो तोही याचमुळे, दवाखाने बिघडल्यामुळे नव्हे.

एकूण प्रजनन दर

वयोरचनेचा हा दोष जन्मदरालाही लागतो, म्हणून एकूण प्रजनन दर काढतात. आजच्या वयनिहाय प्रमाणाने मुले होत राहिली तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील, असा त्याचा अर्थ.

१५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांचे पाच-पाच वर्षांचे सात गट करा. प्रत्येक गटात हजार स्त्रियांमागे वर्षाला किती जन्म झाले ते काढा. आपल्या देशात समजा ते असे आहेत: १५–१९ मध्ये ६०, २०–२४ मध्ये १६५, २५–२९ मध्ये १६०, ३०–३४ मध्ये ११०, ३५–३९ मध्ये ६०, ४०–४४ मध्ये २०, ४५–४९ मध्ये ५. बेरीज ५८०. प्रत्येक स्त्री एका गटात पाच वर्षे काढते म्हणून ५ ने गुणा, २९००. हजाराने भागा, २.९ मुले. पाचने गुणायचे राहून गेले तर ०.५८ येते. असे उत्तर दिसले की चूक कुठे आहे ते लगेच कळावे.

आता हा आकडा कशाशी ताडायचा? सर्रास २.१ शी ताडतात. हा २.१ येतो कुठून ते कळले की तो सगळीकडे का चालत नाही तेही कळते. निसर्गतः १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणून आईच्या जागी एक मुलगी यायला २.०५ मुले लागतात. शिवाय त्या मुलींपैकी काही मोठ्या होण्याआधी दगावतात. ९८ टक्के जगत असतील तर २.०५ ÷ ०.९८ = २.०९. हाच तो २.१, म्हणजे एका पिढीची जागा पुढच्या पिढीने जेमतेम भरून काढण्याची प्रतिस्थापन पातळी. जिथे ८० टक्केच जगतात तिथे २.०५ ÷ ०.८० = २.५६. म्हणजे बालमृत्यू जास्त असलेल्या देशात २.४ वर आलेला प्रजनन दर आधीच प्रतिस्थापन पातळीच्या खाली असू शकतो. गर्भलिंगनिदान करून मुली टाळल्या जातात तिथेही पातळी वर सरकते, कारण तिथे एका मुलीमागे मुलगे जास्त जन्मतात. आपल्या देशात ९३ टक्के मुली आई होण्याच्या वयाला पोहोचतात असे धरले तर पातळी २.२.

एका वर्षाच्या प्रजनन दरावर मात्र देशाचे भवितव्य ठरवू नका. जपानमध्ये १९६५ मध्ये तो २.१४ होता, १९६६ मध्ये १.५८ आणि १९६७ मध्ये २.२३. झाले काय होते? १९६६ हे साल तिथल्या पंचांगातले ‘अग्नी-अश्व’ वर्ष. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते अशी समजूत असल्याने जोडप्यांनी मूल पुढेमागे ढकलले. विकसित, साक्षर देशात एका समजुतीने आकडा चौथ्या हिश्श्याने खाली आणला. (हे वर्ष दर साठ वर्षांनी येते.)

अशी खळगी एका वर्षाची असते तेव्हा लगेच दिसते. संबंध पिढीच मूल पुढे ढकलू लागली की ती वीस वर्षे पसरते आणि ओळखू येत नाही. चेक प्रजासत्ताकात १९९९ मध्ये प्रजनन दर १.१३ वर आला होता. २०२१ पर्यंत तो पुन्हा १.८ वर गेला. मधल्या काळात स्त्रिया पंचविशीऐवजी तिशीत आई होऊ लागल्या होत्या. १९९९ मध्ये तरुण स्त्रिया थांबल्या होत्या आणि त्यांच्या थोरल्या बहिणींची मुले आधीच होऊन गेली होती, म्हणून त्या वर्षी पाळणे रिकामे दिसले. म्हणून पहिल्या बाळंतपणाचे सरासरी वय चढते आहे का ते बघा. चढत असेल तर प्रजनन दर खऱ्यापेक्षा कमी दिसतो आहे. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना प्रत्यक्षात किती मुले झाली, हा आकडा जुना असतो पण खोटे बोलत नाही.

प्रजनन दर २.१ वर आला, तरी लोकसंख्या वाढतेच कशी?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. दक्षिण कोरियाचा प्रजनन दर १९८३ च्या सुमारास प्रतिस्थापन पातळीखाली गेला. मृत्यू जन्मांपेक्षा जास्त व्हायला २०२० उजाडले. चीनचा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पातळीखाली गेला, लोकसंख्या घटायला लागली २०२२ मध्ये. तीस-पस्तीस वर्षांचा हा उशीर आला कुठून?

आधीच्या दशकांत जन्मलेल्या मोठ्या पिढ्या आता आई-बाप होण्याच्या वयात आलेल्या असतात. प्रत्येकीला दोनच मुले झाली तरी आयाच पुष्कळ असल्याने जन्म पुष्कळ. मरणाच्या वयाला पोहोचलेली पिढी मात्र जुनी आणि लहान. धावत्या गाडीला ब्रेक लावला तरी ती काही अंतर पुढे जातेच. याला लोकसंख्येचा संवेग म्हणतात.

तो मोजता येतो. नेथन कीफिट्झ यांनी १९७१ मध्ये दिलेल्या सूत्राचे सोपे रूप असे: जन्मदर (हजारी नव्हे, दर माणशी) गुणिले आयुर्मान, भागिले निव्वळ पुनरुत्पादन दराचे वर्गमूळ. निव्वळ पुनरुत्पादन दर म्हणजे ढोबळमानाने प्रजनन दर भागिले प्रतिस्थापन पातळी. आपल्या देशाचे आयुर्मान ७० धरू. ०.०२५ × ७० = १.७५. २.९ ÷ २.२ = १.३२, त्याचे वर्गमूळ १.१५. भागाकार १.५२. अर्थ असा, की उद्या सकाळपासून प्रत्येक स्त्रीला प्रतिस्थापनापुरतीच मुले होऊ लागली तरी २ कोटींचा देश साधारण ३ कोटींवर जाऊन थांबेल. ही एक कोटीची वाढ आजच ठरून गेलेली आहे. शाळा, पाणी, घरे यांचे नियोजन करणाऱ्याने प्रजनन दराआधी हा आकडा पाहावा असे आमचे मत आहे.

उत्तर १ च्या खाली आले तर संवेग उलटा आहे. म्हणजे प्रजनन दर उद्या प्रतिस्थापन पातळीवर आणला तरी लोकसंख्या काही काळ घटणारच, कारण आई होऊ शकणाऱ्या स्त्रियांच्या पिढ्याच लहान आहेत.

वयोरचना आणि मधली खिडकी

१५ वर्षांखालची आणि ६५ व त्यावरची माणसे मिळवा, १५ ते ६४ मधल्यांनी भागा, १०० ने गुणा. हे अवलंबित्व गुणोत्तर. आपल्या देशात मुले ३५ टक्के, कामाच्या वयातले ६० आणि वृद्ध ५ असतील तर ४० ÷ ६० = ६७. शंभर कमावत्यांमागे ६७ खाणारी तोंडे (कामाच्या वयातला प्रत्येक जण कमावता असतो असे धरून. तो नसतो).

जन्म कमी झाले की आधी मुलांचा वाटा घटतो आणि वृद्धांचा वाढायला अजून वेळ असतो. या मधल्या काळात कामाची माणसे सगळ्यात जास्त आणि अवलंबून असलेली सगळ्यात कमी. मुले ३० टक्क्यांच्या खाली आणि वृद्ध १५ टक्क्यांच्या खाली असतील तेव्हा ही खिडकी उघडी आहे असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या व्याख्येत धरतात. आपल्या देशाची अजून उघडलेली नाही. उघडली तरी कामाच्या हातांच्या या बहराचा फायदा, ज्याला लोकसंख्येचा लाभांश म्हणतात, आपोआप हाती पडत नाही. रोजगार नसेल तर तीच रचना बेरोजगारांची फौज बनते.

खिडकी किती काळ उघडी राहील हे जन्मदर किती वेगाने कोसळला त्यावर ठरते. वृद्धांचा वाटा ७ वरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला सुमारे ११५ वर्षे लागली, स्वीडनला ८५, जपानला २४ आणि दक्षिण कोरियाला १८. उशिरा निघालेले देश लवकर म्हातारे होतात, आणि बऱ्याचदा श्रीमंत होण्याआधीच.

दोन रेषांमधले अंतर एवढे वेगळे का

स्वीडनमध्ये मृत्युदर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून हळूहळू उतरला. त्याचे श्रेय शांतता, लस आणि बटाटे यांना देण्याचा तिथे प्रघात आहे. देवीची लस १८१६ मध्ये सक्तीची झाली. जन्मदर घसरायला १८७० चे दशक उलटावे लागले, पण दोन्ही उतरणी सावकाश, त्यामुळे मधली फट अरुंद राहिली. १७५० ते २००० या अडीचशे वर्षांत लोकसंख्या पाचपट झाली. (अनेक स्वीडिश अमेरिकेला गेले, हेही त्यात आहे.)

विसाव्या शतकात निघालेल्या देशांना लस, प्रतिजैविके, कीटकनाशके सगळे तयार मिळाले. श्रीलंकेत मलेरियाविरुद्ध डीडीटीची फवारणी झाली त्या काळात मृत्युदर १९४६ ते १९४७ या एकाच वर्षात हजारी २० वरून १४ वर आला. त्यात फवारणीचा वाटा किती आणि दवाखान्यांचा, अन्नधान्याचा किती, यावर अभ्यासकांचा वाद आहे. पण स्वीडनला जे उतरायला दशके लागली ते इथे एका वर्षात झाले, यात वाद नाही. मृत्यू औषधाने लांबवता येतो. जन्म कमी व्हायला घराने आपला हिशेब बदलावा लागतो आणि त्याला पिढी लागते. केनियात ही फट एवढी रुंदावली की १९८० च्या सुमारास वाढ ३.८ टक्क्यांपर्यंत गेली. १९४८ च्या जनगणनेत तिथे ५४ लाख लोक होते, २०१९ मध्ये ४.७६ कोटी. सत्तर वर्षांत जवळपास नऊपट.

घराचा हिशेब बदलतो कशाने? मुले जगतील याची खात्री पटली की जास्तीची मुले ‘राखीव’ म्हणून जन्माला घालायची गरज उरत नाही. मूल शेतात राबण्याऐवजी शाळेत जाऊ लागले की ते मिळकतीच्या रकान्यातून खर्चाच्या रकान्यात जाते. मुली शिकल्या की लग्नही उशिरा होते आणि घरातल्या निर्णयात त्यांचा शब्दही वजनदार होतो. आणि पाळणा लांबवण्याची साधने हाताशी असावी लागतात. एखाद्या देशात जन्मदर का हलत नाही हे शोधताना या चार गोष्टी याच क्रमाने तपासा. पहिली नसेल तर चौथीवर केलेला खर्च फारसा लागू पडत नाही.

१९७४ मध्ये बुखारेस्टच्या जागतिक लोकसंख्या परिषदेत भारताचे मंत्री कर्ण सिंह यांनी ‘विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक’ असे म्हटले होते. वाक्य गाजले, पण अर्धेच खरे निघाले. बांगलादेशात १९७० च्या दशकात प्रजनन दर सातच्या जवळ होता, २०११ पर्यंत २.३ झाला, आणि तेव्हाही तो देश गरीबच होता. घरोघरी जाणाऱ्या महिला कार्यकर्त्या आणि घटलेले बालमृत्यू यांनी ते केले. इराणमध्ये १९८० च्या दशकातल्या साडेसहावरून २००० पर्यंत दोनच्या आसपास, तेही गावोगावच्या आरोग्य केंद्रांच्या आधाराने. उलट इस्रायल श्रीमंत आहे आणि तिथे प्रजनन दर तीनच्या आसपास टिकून आहे. फ्रान्समध्ये तर जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीसच, कारखाने यायच्या आत, उतरू लागला होता. त्यामुळे दरडोई उत्पन्नावरून टप्पा ठरवू नका. मुलींचे शिक्षण आणि बालमृत्यू हे आकडे उत्पन्नापेक्षा जास्त बोलके आहेत.

रेषा अडखळते तेव्हा

उतरण अखंड असतेच असे नाही. केनियात १९९८ ते २००८ या काळात प्रजनन दर ४.७ च्या आसपास खिळून बसला, मग पुन्हा उतरत २०२२ मध्ये ३.४ वर आला. इजिप्तमध्ये २००८ चा ३.० चा दर २०१४ मध्ये ३.५ झाला आणि नंतर पुन्हा खाली आला. कझाकस्तानात १९९९ मध्ये १.८ च्या आसपास होता तो वीस वर्षांत तीनच्या जवळ गेला. तेव्हा गेल्या दहा वर्षांची रेषा पट्टीने पुढे ओढू नका. अडखळण दिसली तर आधी दोन पाहण्यांची पद्धत सारखीच होती ना ते पाहा, मग साधनांचा पुरवठा आणि लग्नाचे वय. मृत्युदरही उलटा फिरू शकतो. एड्सच्या साथीत बोट्सवानाचे आयुर्मान दहा वर्षांहून अधिक घसरले होते.

स्थलांतर शेवटी पाहा, पण पाहाच. बल्गेरियात १९८० च्या दशकाच्या अखेरीस ९० लाखांच्या आसपास लोक होते, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. कमी जन्म हे निम्मेच कारण. तरुण निघून गेले आणि होऊ घातलेल्या मुलांनाही सोबत घेऊन गेले. लहान देशात स्थलांतर हे नैसर्गिक वाढीला सहज झाकून टाकते. म्हणून तक्त्यात दोन्ही रकाने वेगळे ठेवा, बेरीज करून एकच लिहू नका.

खूप विकास झाला की प्रजनन दर पुन्हा चढतो, असा एक आशावादी अंदाज २००९ च्या सुमारास पुढे आला होता. उदाहरणे उत्तर युरोपची दिली जात. फिनलंडचा दर २०१० मध्ये १.८७ होता. २०२३ मध्ये तो १.२६ वर आला. दक्षिण कोरिया तर त्याच वर्षी ०.७२ वर पोहोचला. तळ कुठे आहे हे सिद्धांतात कुठेच लिहिलेले नाही.

अंदाज लिहिताना

पुढच्या पंधरा-वीस वर्षांचे कामकरी आज जन्मलेलेच आहेत, त्यामुळे तेवढ्या काळाचा अंदाज बराच नेमका देता येतो. त्यापुढे प्रत्येक दशकाला अनिश्चितता वाढते, कारण अजून न जन्मलेल्या मुलींना किती मुले होतील हे धरून चालावे लागते. म्हणून किमान तीन आकडे द्या: प्रजनन दर अर्ध्या मुलाने जास्त, मध्यम आणि अर्ध्या मुलाने कमी. आपल्या देशासाठी २.९ चा दर वीस वर्षांत २.२ वर येईल हा मध्यम अंदाज, तर २.७ आणि १.७ ही दोन टोके. सोबत आकडे कोणत्या आवृत्तीतले, हेही लिहा. संयुक्त राष्ट्रसंघाच्या २०१७ च्या आवृत्तीत २१०० साली जगाची लोकसंख्या १,१२० कोटी धरली होती. २०२४ च्या आवृत्तीत ती २०८० च्या दशकाच्या मध्यावर १,०३० कोटींवर टेकून २१०० पर्यंत १,०२० कोटींवर उतरते. सात वर्षांत शंभर कोटी माणसे अंदाजातून वजा झाली, ती सगळी प्रत्यक्षात अजून जन्मायची होती.